डावं मागचं चाक

पातेल्यावरचं झाकण टकटक वाजायला लागलं, तेव्हा कुठे कवाताच्या लक्षात आलं, की घर किती वेळ चिडीचूप होतं.

रविवारची दुपार. मुंबुआ फरशीवरच, बाहुलीचा एक पाय मुठीत धरून झोपून गेली होती. घरापुढच्या गॅरेजच्या आवारात आठवडाभर चालणारी ठोकाठोक बंद होती. आणि नाकुरूचा तो भटका वारा, जो सरोवराच्या काठची पांढरी धूळ खांद्यावर घेऊन दिवसभर या दारातून त्या दारात हिंडतो, तोही आज कुठेतरी टेकला होता. कवाता खिडकीशी उभी होती. कशाचाच विचार करत नव्हती… निदान तिला तसं वाटत होतं.

टक… टक-टक…

उजीची पेज उतू चालली होती. ती धावली, कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या टोकानं झाकण उचललं, बोट भाजलं, बोट तोंडात घातलं — आणि बोट तोंडात असतानाच तिला खिडकीतून ती गाडी दिसली.

लाल. बुटकी. दोनच दारांची. जमिनीला इतकी चिकटलेली, की फाटकापुढच्या खड्ड्याला घाबरून अलीकडेच थांबली होती. दार उघडलं आणि आतून एक उंच माणूस घडी उलगडावी तसा बाहेर आला.

"माफ करा," फाटकावरून तो म्हणाला, "मुंबुआची आई इथेच राहतात का?"

"मीच."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, डाव्या. दुसरी जणू द्यायची राहून गेली होती.

"मला सांगितलं, गाडीच्या वायरींतलं मुंबुआच्या आईइतकं नाकुरूत कोणाला कळत नाही. आई म्हटल्यावर मी एखाद्या आजीबाईंची तयारी करून आलो होतो."

"तयारी म्हणजे?"

"म्हणजे… मोठ्यानं बोलायची."

कवाताला हसू आलं, ते तिनं भाजलेल्या बोटामागे लपवलं. "कामाचं बोला. रविवार आहे."

"काम असं, की गाडी माझ्यावर रुसलीय."

त्यानं चावी फिरवली. डॅशबोर्डवर तीन दिवे. एक पिवळा, ब्रेकच्या एबीएसचा. दुसराही पिवळा, त्यावर नागमोडी खुणा सोडत घसरणाऱ्या गाडीचं चित्र. ही गाडी घसरायला लागली तर सांभाळणारं कुणी आत्ता जागेवर नाही, असं सांगणारा. आणि त्या दोघांच्या मध्ये लाल, ब्रेकचा.

"एकदम तिन्ही लागतात? कधी?"

"वळणावर. जोरात वळलो की. आणि वळणानंतर ब्रेक… कसं सांगू… जरा उशिरा भेटतो. पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसऱ्यांदा हाक मारली, की येतो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आढेवेढे घेऊन."

"ब्रेकबद्दल बोलताय ना?"

"ब्रेकबद्दलच."

पण ती एकुलती खळी काही वेगळंच बोलत होती. असली लाडिक बोलणी कवातानं फार ऐकली होती. तिनं ते वाक्य तिथेच सोडून दिलं आणि स्कॅनर आणायला वळली.

"एक विचारू?" ती जाता जाता म्हणाली. "इथवर येताना रस्त्यात गॅरेजं काय कमी आहेत?"

"दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, दिवा बांधून देतो. चार्जिंगच्या दिव्याला जोडायचा. चावी फिरवली की लागेल, इंजिन चालू झालं की विझेल, कुणाला पत्ता लागणार नाही."

"मग? स्वस्तात झालं असतं."

"मला विझलेला दिवा नकोय," तो म्हणाला. "तिला काय दुखतंय, ते हवंय."

हे वाक्य मात्र तिला आवडलं. नको इतकं आवडलं.

त्याचं नाव ओडेरो. मूळचा किसुमूचा, नोकरी नैवाशाच्या गुलाबांच्या मळ्यावर, तिथल्या शीतघरात. जी फुलं सरळ मानेची ती विमानानं परदेशी जातात. वाकड्या मानेची टाकून देतात. गाडीच्या मागच्या जागेत बर्फाच्या पेटीत तसल्याच वाकड्या मानेच्या गुलाबांचा एक भारा होता. त्यानं पेटी उघडली आणि बर्फाचा एक खडा काढून तिच्यापुढे धरला.

"बोट."

"काय?"

"भाजलंय ना? मघापासून तोंडात घालताय."

तिनं खडा घेतला. त्याची बोटं बर्फाहूनही गार होती. शीतघरात काम करणाऱ्याचे हात… आणि तिच्या कानाच्या पाळ्या मात्र उगाचच तापल्या.

केबल जोडली की गाडीच्या बिघाडाचा कोड पडद्यावर दाखवणारा तो स्कॅनर म्हणाला, डावं मागचं चाक. त्या चाकाचा सेन्सर मधूनच गप्प होतो. तिनं चाक उतरवून सेन्सर काढला, तर त्याच्या तोंडाला लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चिकटलेला. तिनं तो पुसला, सेन्सर पुन्हा बसवला. दिवे गेले. ओडेरो गेला. गुलाब राहिले. तेलाच्या रिकाम्या डब्यात, मान वाकडी करून, तिच्याकडे बघत.

दुसऱ्या रविवारी तो परत आला. दिवे घेऊन.

आता कवाताची झोप उडाली. तिच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत यायची नाही. नाकुरूत बाईच्या हातात गाडी देताना लोक अजून दोनदा विचार करतात. एक गाडी परत आली, की ते तिसऱ्यांदाही करतात. तिनं एका भंगार गाडीचा सेन्सर काढून याला लावला. वायर बोटांच्या चिमटीत धरून इंच-इंच चाचपली. कुठे तुटलेली नाही, कुठे घासलेली नाही.

"काय म्हणते तब्येत?" ओडेरो तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. कपड्यांना गुलाबाचा आणि गारठ्याचा वास.

"प्रकाशात बसू नका. दिसत नाही."

"कोणाला सांगताय, मला की गाडीला?"

"दोघांनाही. दोघंही नीट सांगत नाहीत, कुठे दुखतंय ते."

"मी सांगू?" तो हळूच म्हणाला. "फुंडी," गाडीच्या कारागिराला इथे म्हणतात तसं, "तुम्ही विचारा तर…"

तिनं विचारलं नाही. पाना उचलला.

मुंबुआ मात्र त्याला सगळं विचारायची. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. आईच्या एका जुन्या, मोडक्या स्कॅनरची केबल तिची लाडकी. ती कधी बाहुलीला लावायची, कधी कोंबडीच्या शेपटीला, कधी मुतीसो काकांच्या गुडघ्याला. "काका, तुमच्या गुडघ्यात कोड आलाय." गॅरेजचं आवार मुतीसो काकांचं. मागच्या दोन खोल्या त्यांनीच कवाताला दिल्या होत्या, ज्या वर्षी मुंबुआचा बाप कतारला गेला त्या वर्षी. नाताळला येतो, नक्की येतो, म्हणून गेला होता. पहिल्या नाताळला फोन आला, दुसऱ्याला निरोप. पुढे नुसताच नाताळ येत राहिला.

त्या रविवारी ओडेरो मुंबुआशी बोलण्यात गुंतला असताना काका तळलेली मंदाझी चहात बुडवत हळूच म्हणाले, "मला विचारशील तर गाडीला काही झालेलं नाही."

"दिवे लागतात, काका. मी पाहिलेत."

"लागतात का लावतो? किसुमूचा माणूस, पोरी. उपाशी राहील, पण बूट चमकवेल. तुझ्या फाटकापर्यंत यायला त्याला दिवा लागतो, एवढंच. अलीकडे उतरत असेल, एखाद्या चाकाच्या सेन्सरचा प्लग ओढत असेल, की झालं. लाल-पिवळी दिवाळी."

"काहीतरीच तुमचं."

"माझंच खरं निघेल. बेअरिंग, ब्रेक आणि बाप्या… चाळीस वर्षं बघतोय."

ती हसली. पण पुढचे दिवस तिच्या मनात तो किडा वळवळत राहिला. खरंच तो… माझ्यासाठी? आणि लगेच पाठीमागून राग. ब्रेकचा प्लग? तिसऱ्या शनिवारी सकाळी फाटकाबाहेर ती लाल गाडी दिसली, तेव्हा आधी काय धडधडलं, आनंद की संशय, हे तिलाच सांगता आलं नसतं.

कारण संशयाची तयारी तिनं करून ठेवली होती. गेल्या खेपेला, काकांचं ऐकल्यावर, तो निघायच्या आधी त्याच्या नकळत चारी चाकांच्या प्लगांवर तिनं मुंबुआच्या गुलाबी नेलपॉलिशनं एकेक रेघ ओढली होती. अर्धी रेघ प्लगवर, अर्धी त्याच्या घरावर. प्लग कोणी काढून पुन्हा लावला, की रेघेला रेघ जुळणार नाही.

"उद्या सुबुकियाच्या घाटात आमच्या पोरांच्या गाड्यांची धाव आहे," ओडेरो बोलत होता. "वरून खाली, एकेकटा. तुम्ही बघायला आलात, तर मी हळू चालवीन. नाही आलात, तर…"

"चावी फिरवा."

तीन दिवे. मुंबुआ धावत येऊन चालकाच्या शेजारी चढून बसली, आईचा स्कॅनर मांडीवर घ्यायला. ती नेहमी घ्यायची. कवाता पुढच्या उजव्या चाकाशी वाकली.

गुलाबी रेघ मोडलेली होती.

तिनं मान वर केली नाही. "हा प्लग कोणी काढला?"

वारा सुटला होता. पत्र्यावर धूळ सरसरत होती.

"कवाता…"

"फुंडी म्हणा."

"…मी. आत्ता. त्या वळणावरच्या बाभळीखाली."

"का?"

"कारण या आठवड्यात दिवा एकदाच लागला. गाडी बंद करून चालू केली, तर गेला. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, काही नाही, जा. आणि मला… मला जायचं नव्हतं. पण ऐका, तो जो एकदा लागला ना, तो —"

"पुरे!"

मुंबुआ दचकली. कवाता उभी राहिली.

"खोटं बोलायला ब्रेकच सापडला तुम्हाला? एक प्लग काढला की गाडी आंधळी होते, ठाऊक आहे? उद्या यात कोणाचं लेकरू बसलं असतं तर? मी दोन आठवडे झोपले नाही! माझ्या हातांना बोल लावला मी… आणि तुम्ही बाभळीखाली बसून गंमत करत होतात?"

"पहिल्या दोन वेळा खरं होतं. शपथ."

"तुमच्या शपथा ठेवा किसुमूला!"

तिनं प्लग खटकन बसवला, मुंबुआच्या मांडीवरून स्कॅनर ओढला. पडद्यावर अक्षरं होती. पहिल्या ओळीवर पुढचं उजवं चाक. तिला आणखी काही बघायचंच नव्हतं. यंत्रानं विचारलं, पुसायचं का? हो. टिंग.

दिवे गेले.

"झाली बरी. जा."

त्यानं गुलाबांचा भारा नेहमीच्या डब्यापाशी ठेवला, मुंबुआच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. गाडी खड्डा चुकवून वळेपर्यंत कवाता तिथेच उभी. मग तिनं फोन काढला. त्याचा नंबर. पुसायचा का? हो.

फोननं टिंगसुद्धा केलं नाही.

*

रविवारी सकाळपासून तिचा पाय घरात ठरेना. काल घासलेली पातेली तिनं पुन्हा घासली. पलंग भिंतीपासून ओढला, झाडलं, परत लावला. चहा केला आणि विसरली. वारा दाराची कडी वाजवत होता आणि दर वेळी तिची मान वळत होती. मग स्वतःचाच राग. कोण येणार आहे? खोटारडा. सगळे एकाच मातीचे. एक नाताळ सांगून जातो, एक दिवे लावून येतो…

पण खोटं बोलला तरी विचारल्यावर लगेच कबूल कसा झाला? त्या दुसऱ्यानं तर कधीच काही कबूल केलं नव्हतं.

"दोन आहेत," मुंबुआ म्हणाली. ती फरशीवर बाहुलीच्या पोटाला केबल लावून बसली होती. "एक पुढे दुखतंय. एक मागे."

"काय गं दोन?"

"कोड. लाल गाडीला होते ना काल, तसे. दोन ओळी." तिनं दोन बोटं दाखवली. "तू एकच वाचलीस आणि टिंग केलंस."

कवाताच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"दोन? नक्की दोन होत्या, बाळा?"

"मला मोजता येतं," मुंबुआ दुखावून म्हणाली.

पुढचं उजवं, ते त्यानं ओढलेल्या प्लगचं. मग दुसरा? दुसरा तोच असणार. डावं मागचं चाक. पहिल्या दिवसापासून तेच तर ओरडत होतं. सेन्सर पुसला, दुसरा लावला, वायर चाचपली. आणि मुळात सेन्सरला काही झालंच नसेल तर? लोखंडाचा तो दाढीसारखा कीस… तो आला कुठून? काहीतरी झिजत होतं, म्हणून तर आला. आणि मग तिच्या कानात ते वाक्य वाजलं, जे तिनं त्या दिवशी लाडिक म्हणून सोडून दिलं होतं. वळणानंतर ब्रेक उशिरा भेटतो. पहिल्या हाकेला ओ देत नाही.

तो खरोखरच ब्रेकबद्दल बोलत होता.

चाकाचं बेअरिंग गेलं होतं. वळणावर भार पडला की चाक डुगडुगतं. ते डुगडुगलं की सेन्सरला त्याचा माग लागत नाही, दिवे पेटतात. आणि तेच डुगडुगणं ब्रेकच्या पट्ट्या मागे ढकलतं. मग पुढच्या वेळी पेडल दाबलं, तर पाय पोकळीत जातो. सगळं एकच दुखणं. एवढं सोपं. आणि आज तो तीच गाडी घेऊन घाटाच्या माथ्यावर, दिवे पुसून, कारण मुंबुआची आई म्हणाली, झाली बरी, जा.

तिनं फोन उचलला. नंबर नव्हता.

"काका!" ती अनवाणीच अंगणात धावली. "काका, गाडी काढा!"

मुतीसो काका रविवारचा कोट घालून चर्चला निघाले होते. "आग लागली का कुठे?"

"सुबुकियाला जायचंय. आत्ता."

"चर्चला?"

"घाटात!"

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. त्यांच्या म्हाताऱ्या पिकअपला धक्का मारावा लागायचा. कवातानं मारला, मुंबुआनं मारला, शेजारच्या सलूनमधली डोक्याला रंग लावलेली बाईसुद्धा मारायला आली. रस्ताभर कवाताच्या मांडीवर जॅकचा दांडा आणि मांडीशेजारी मुंबुआ. मक्याची शेतं, गाढवांच्या गाड्या, चर्चमधून येणारं गाणं, सगळं मागे पळत होतं. पण पिकअप काही पळत नव्हती.

"जरा दाबा ना, काका."

"पाय जमिनीला टेकलाय, पोरी. याच्या खाली रस्ताच आहे." थोड्या वेळानं ते समोर बघत म्हणाले, "प्लगचं मीच डोक्यात घातलं तुझ्या. आणि बेअरिंगचा आवाज मला ऐकू यायला हवा होता. कान गेले."

"प्लग त्यानं काढला होताच. तुमचं खरंच निघालं, काका."

"अर्धं," काका म्हणाले.

घाटाच्या माथ्यावर गाड्यांची रांग. गाण्यांचा दणदणाट, भाजलेल्या कणसांचा धूर, ठेवणीतल्या चपला घातलेल्या पोरी. एक निळी गाडी किंचाळत खाली गेली. तिच्या मागे, आता सुटायच्या जागेवर, लाल गाडी. दार उघडं होतं आणि ओडेरो हेल्मेट चढवत होता.

त्यानं तिला पाहिलं. हेल्मेट अर्ध्यावर राहिलं. चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग अशी एक आशा पसरली, की कवाताला तिकडे बघवेना. तिनं बघितलंच नाही. ती सरळ त्याच्या शेजारून पुढे गेली आणि डाव्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकले.

"मला वाटलं, तुम्ही…"

"जॅक."

"काय?"

"त्या पिकअपमध्ये आहे. आणा! आणि चावी द्या इकडे."

मागची पोरं ओरडायला लागली, ए, लग्न नंतर लावा, रस्ता सोडा! ओडेरो जॅक घेऊन आला. चाक वर उचललं. कवातानं एक हात चाकाच्या माथ्यावर ठेवला, एक तळाशी, आणि हलवलं.

खट.

पुन्हा हलवलं. खट-खट. मोडकळीला आलेल्या दातासारखं.

कोणीतरी गाणं बंद केलं. ओडेरो शेजारी बसला. त्यानंही हात लावून पाहिला, आणि मग तो खाली, घाटाकडे बघत राहिला. एकामागून एक वळणं, आणि कठड्यापलीकडे नुसतं निळं.

"मी आत्ता निघालोच होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुम्ही आला नसता तर…"

"बोलू नका ते!" तिचा आवाज फुटला. ती घाईनं म्हणाली, "काल तुम्ही सांगत होतात. तो जो एकदा दिवा लागला, त्याबद्दल. मी ऐकलं नाही. यंत्रानंही सांगितलं, तेही वाचलं नाही. रागात पुसून टाकलं. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, ब्रेक उशिरा भेटतो… मला वाटलं, तुम्ही माझ्याशी…"

"ते दोन्ही होतं," तो म्हणाला.

"काय दोन्ही?"

"ब्रेकही उशिराच भेटत होता. आणि…" त्यानं तिच्या ग्रीसनं माखलेल्या हाताकडे पाहिलं. "प्लग काढला ते वाईट केलं, कवाता. त्याला गंमत म्हणणार नाही मी. रिकाम्या हातानं तुमच्या फाटकात उभं राहायची हिंमत नव्हती. काय सांगणार होतो? गाडी बरी आहे, मी बरा नाही?"

तिला हसायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं, नाकावर ग्रीस होतं, मागे अख्खा घाट कान टवकारून उभा होता. तरी ती हसली.

"पुन्हा ब्रेकला हात लावलास, तर हात मोडीन."

'लावलास.' शब्द सुटून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. त्यालाही कळलं. डाव्या गालाची खळी हळूच उमटली.

"लावणार नाही," तो म्हणाला. "फुंडी."

"कवाता म्हण."

*

नवं बेअरिंग बसवायला काकांच्या आवारात बुधवार उजाडला. जुनं बाहेर काढलं, तर आतल्या गोळ्या चघळल्यासारख्या झाल्या होत्या. मुंबुआनं त्यातली एक बाहुलीसाठी मागून घेतली.

संध्याकाळी कवाता स्वतः चालवायला बसली. ओडेरो शेजारी, गुडघे हनुवटीशी. सरोवराच्या बाजूचा वळणावळणाचा रस्ता तिनं धरला. एक वळण जोरात घेतलं आणि ब्रेक दाबला. दुसरं आणखी जोरात, उलट्या अंगाला. दूरवर पाण्याच्या काठी गुलाबी पक्ष्यांची रेघ हलत होती. डॅशबोर्ड काळाभोर, शांत.

"ओ दिली?" त्यानं विचारलं.

"पहिल्या हाकेला."

"नशीबवान आहे ब्रेक."

तिनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं असतं तर फार शांत झालं असतं. त्याचा हात तिच्या हाताशेजारी गिअरवर येऊन थांबला. गार. तिनं आपला हात काढला नाही. भाजलेल्या बोटाची खूण अजून पुसली नव्हती, त्यानं ती अंगठ्यानं ओळखली.

"आता पंचाईत झाली," तो म्हणाला. "दिवे गेले. आता काय घेऊन येऊ?"

"काही नको."

"काहीच नको?"

"नुसता ये. फाटकाशी उभा राहा. विचारलं, काय काम, तर…" ती थांबली. बाहेर वाऱ्यानं पांढऱ्या धुळीचा एक भोवरा उचलला, रस्ता ओलांडला, सोडून दिला. "…तर सांग, काम काही नाही. मी दार उघडेन."

"आणि काका?"

"काका म्हणतील, बूट चमकवून आलास का."

तो हसला, आणि त्या हसण्यात तिचं कपाळ त्याच्या खांद्याला कधी लागलं, ते कोणालाच कळलं नाही. गुलाब आणि गारठा. तेवढंच. त्याहून जास्त काही झालं नाही, आणि तरी परत येताना तिनं दोनदा चुकीचा गिअर टाकला.

फाटकाशी मुंबुआ वाट बघत होती. गळ्यात ती मोडकी केबल. ओडेरोनं तिला उचलून गाडीच्या टपावर बसवलं, खाली उतरवलं, डब्यातल्या वाकड्या गुलाबांना पाणी घातलं, काकांचा टोमणा खाल्ला. मग निघाला.

"रविवारी येतो," काच खाली करून तो म्हणाला. आधी मुंबुआला, मग तिच्या आईला. "नक्की येतो."

नक्की. कवाताच्या छातीत काहीतरी हललं. बारीकसं, त्या चाकासारखं. खट.

लाल गाडी खड्ड्यापाशी हळू झाली. मागचे दिवे एकदा लालबुंद झाले, मग बाभळीच्या वळणावर दिसेनासे झाले. दोघी मायलेकी फाटकात उभ्या राहिल्या. वारा लेसोचं टोक ओढत होता.

मुंबुआनं केबलचं टोक बोटांत फिरवलं. कितीतरी वेळ फिरवलं.

"आई, काकांच्या गुडघ्याला लावते ना मी, ते खोटं-खोटं असतं."

"हो, बाळा."

"मग खरं-खरं…" तिनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि मग वर, आईच्या तोंडाकडे. "माणसाला ते कुठे लावतात गं?"